शेवटच्या थांब्याच्या पुढे

नागपूर, ७ जानेवारी १९७९

प्रिय रवी,

तीन वर्षं तुला पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. आजारी नव्हते. कामातही फार बुडालेली नव्हते. लिहायला बसायचे आणि उठायचे, एवढंच होत राहिलं. तुझ्या शेवटच्या पत्राचा राग आला आहे असं मी बरेच दिवस समजत होते. आता शोधते तर तो राग सापडत नाही. त्याच्या जागी दुसरंही काही सापडत नाही.

तू सांगितलं होतंस तसं पाकीट घेतलं आहे, पोस्टकार्ड नाही. माथ्यावर जय भीम लिहिलेलं नाही. तुझे सासरे, बाबूजी, तुमच्याकडेच राहतात आणि टपाल तेच घेतात, हे लक्षात आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता सदर भागातल्या माझ्या खोलीचा घातला आहे, गोदाम टोलीचा नाही. तू त्यांना आपलं घर कुठलं म्हणून सांगितलं आहेस ते मी तेव्हाही विचारलं नव्हतं.

लिहिण्याचं कारण असं की गोदाम टोली उठणार आहे. इतवारीकडे जाणारा रस्ता रुंद व्हायचा आहे आणि आपली निम्मी वस्ती त्या रुंदीत येते. बदल्यात प्रत्येक कुटुंबाला दोन गोष्टींतली एक मिळेल. पहिली म्हणजे जरीपटक्याच्या पुढे, नव्या ले-आउटमध्ये मोकळा प्लॉट. त्यावर घर आपलं आपण बांधायचं. दुसरी म्हणजे टोलीच्या उरलेल्या जागेवरच, रस्त्याला लागून, तीन मजली घरं. एक खोली, स्वयंपाकघर, घरात नळ, घरात संडास. खाली दुकानं आणि समोर शहर बसचा थांबा. मार्चमध्ये सुनावणी आहे. ज्याच्या नावावर झोपडी, त्यानं अधिकाऱ्यासमोर उभं राहून काय हवं ते सांगायचं. बाबा गेल्यावर नाव आईचं लागलं आहे.

दुसऱ्या योजनेचा नकाशा माझा आहे. हे तुला आधी सांगायला हवं होतं, शेवटी नाही. माझी आई त्याच वस्तीत राहते हे मी नगररचनेच्या ऑफिसात लेखी कळवलं आहे. आमचे मुख्य दत्तोपंत म्हणाले, "कळवलंत ना सिंधूताई, मग झालं. पण तुमच्या लोकांना हे वर-खाली राहणं पटेल का?" दत्तोपंत चांगले आहेत. 'तुमच्या लोकांना' हे त्यांनी सहज म्हटलं. मी त्यावर बराच विचार केला आणि मग सोडून दिला.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. आई टोलीतून मिरची बाजारात पायी जाते. छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीनं भिवापूरची मिरची इतवारीला उतरते, तिचे देठ तोडायच्या कामाला ती आणि टोलीतल्या अर्ध्या बायका जातात. मेयो हॉस्पिटल पायी, रेशन पायी, विहार पायी. हे सगळं तिच्या पायांच्या टप्प्यात आहे म्हणून ती या वयात कोणावर अवलंबून नाही. प्लॉटवर गेलं की प्रत्येक गोष्टीला बस लागेल. आणि बस तिथं जात नाही. मी डेपोत विचारायला गेले तर तिथले साहेब म्हणाले, "आधी माणसं आणा, मग गाडी आणू." त्यांचंही खोटं नाही. विरळ प्लॉटांवर गाडी भरत नाही, न भरलेली गाडी बंद होते, आणि गाडी नाही म्हणून माणसं येत नाहीत. घरं दाट आणि थांब्याजवळ असली की हे चक्र उलटं फिरतं. थांबा वस्तीच्या तोंडाशीच असावा, म्हणजे येणारा-जाणारा सगळ्यांना दिसतो, असंही मी अहवालात लिहिलं आहे. ते वाक्य दत्तोपंतांना आवडलं.

प्लॉटच्या बाजूनंही सांगायला हवं. जमीन आपली होईल. आपल्या घराण्यात आजवर कोणाची जमीन नव्हती. यापुढे त्या बाजूनं लिहिण्यासारखं मला सुचत नाही, पण एवढंच खूप आहे हे मला कळतं.

आई काय ते सांगत नाही. विचारलं की म्हणते, "रवीले पुसून सांगतो." तेव्हा तिला तुझं मत कळव. पत्र मीच वाचून दाखवीन आणि आहे तसं वाचीन. मी तुला पटवायला लिहीत नाही.

हे वाक्य लिहून थांबले. ते पुरतं खरं नाही. पण खोडत नाही.

ताराला आणि मुलाला आशीर्वाद.

ताई


नागपूर, ४ फेब्रुवारी १९७९

प्रिय रवी,

तुझं पत्र आलेलं नाही. तरी लिहिते, कारण काल संध्याकाळी विहारात सभा झाली आणि जे झालं ते तुला माहीत असावं असं वाटतं.

मी नकाशे भिंतीला टाचून उभी होते. ऑफिसची म्हणून उभी होते, पण सगळ्यांनी मला लहानपणापासून पाहिलेलं. गिरणीतले बाबांचे सोबती चंपतराव आधी उठले. "बाई, आमच्या बापजाद्यायले कोणी वीतभर जमीन देल्ली नाही. आता सरकार देऊन राहिलं, तं तू म्हणते माळ्यावर चढा! काहून वं?"

मी त्यांना बस कशी येते आणि कशी बंद होते ते समजावलं. मागून देवराव रिक्षावाला ओरडला, "बस नाही आली तं चांगलंच हाय की! माह्या पोटाचं कोणी पाहा ना जी."

लोक हसले. तुळसाबाई मेयोत आया आहे. ती म्हणाली, "मी रातपाळीले पायी जातो, पायी येतो. त्या जरीपटक्याच्या पुढून मले कोण आणन? तू आणशीन का रे?"

"आणीन ना मावशी. भाडं दे."

"भाडं! मेल्या, तुह्या बायकोच्या तिन्ही बाळंतपणाले उशाशी मी होती. त्याचं भाडं काढ आधी."

इथपर्यंत सभा माझ्या बाजूनं झुकते आहे असं मला वाटलं. मग कोणीतरी विचारलं, वर कोण राहणार आणि खाली कोण. चिठ्ठ्या टाकून ठरेल, मी म्हणाले. चंपतराव म्हणाले, "म्हणजे चिठ्ठी निघाली तं माह्या डोक्यावर या देवरावचे पाय." देवराव म्हणाला, "धुऊन ठेवीन जी." पुन्हा हशा. पण तो लगेच विरला, कारण आई बोलली. ती भिंतीशी बसली होती, सभा सुरू झाल्यापासून तोंड उघडलं नव्हतं.

"अन् फोटो?" ती म्हणाली. "बाबासाहेबाचा फोटो आपण भितीले लावतो. त्याच्यावरून वरचे लोक चालतीन. चपला घालून. ते चालते का?"

सगळे भिंतीवरच्या नकाशाकडे पाहू लागले. मी पाण्याचे नळ कुठून जातील, संडासावर संडासच कसा येईल, कोणाच्या स्वयंपाकघरावर येणार नाही, हे सगळं पाहिलं होतं. हे पाहिलं नव्हतं. सदरला माझ्या खोलीत तोच फोटो आहे आणि वर घरमालकाचं कुटुंब राहतं. इतक्या वर्षांत माझ्या मनात हे आलं नाही. त्याचं मला वाईट वाटायला हवं. वाटलं की नाही ते नक्की सांगता येत नाही.

उत्तर तुळसाबाईनं काढलं. "मंग विहारच सगळ्यात वर बांधा. सगळ्यायच्या डोक्यावर तो. मंग कोणाच्या वर कोण, भांडणच नाही."

"अन् म्हातारे चढतीन कसे?" चंपतराव.

"बसत बसत चढा. स्वर्गात जायची घाई हाये का?"

"स्वर्ग आपण छप्पनमध्येच सोडला वं," चंपतराव म्हणाले, आणि मग ते स्वतःच इतके हसले की त्यांना खोकला लागला.

मी तिथल्या तिथे पेन्सिलनं गच्चीवर एक खोली काढली. बायका पुढे येऊन पाहू लागल्या. परवा हे दत्तोपंतांना दाखवायचं आहे. ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे: 'विहार' लिहू नका, 'सभागृह' लिहा, सभा भरतेच ना. आणि मी तसं लिहीन.

सभेनंतर आईबरोबर घरी गेले. ती म्हणाली, "चांगलं काढलं तू." मी विचारलं, मग तू घर घेशील ना? ती म्हणाली, "मी पलाट घीन."

"काहून?"

"मिरच्या वाळू घालाले जागा लागते."

घरी ती कधीच मिरच्या वाळवत नाही. देठ तोडायचं काम बाजारातच होतं, हे तुलाही माहीत आहे. मी पुढे विचारलं नाही. तू विचार.

ताई


नागपूर, २५ फेब्रुवारी १९७९

प्रिय रवी,

तुझं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. 'मी या प्रकरणात पडू इच्छित नाही. आईला योग्य वाटेल ते करावे. इकडे सर्व ठीक.' एवढंच असल्यामुळे वाचायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "अजून काय लिहिलं?" मी म्हणाले, इकडे सर्व ठीक असं लिहिलंय. "म्हणजे बरा हाये," ती म्हणाली.

आज दुपारी मी तिच्याकडे होते. बाजार बंद होता, पण कोणीतरी तिच्याकडे पोतंभर मिरची आणून टाकली होती. मी समोर बसून देठ तोडायला लागले. मला ते नीट जमत नाही, बोटांची आग होते आणि मग डोळ्याला हात लागतो. ती वर न बघता बोलायला लागली. तिचे शब्द आहेत तसे लिहिते.

"बापाच्या मयतीले आला तं थांब्यावर उतरला. चंपतरावनं गळ्यात पडून जय भीम घातला. मोठ्यानं. चांगला माणूस हाये तो, त्याचं काय चुकलं. पण रवीनं मांगं पाह्यलं. गाडीतून संगं उतरलं ते कोण हाये, ते पाह्यलं. मी घरापुढून पाहून राहिली होती."

मी म्हणाले, आई, त्याला तीन वर्षं झाली.

"तीन वर्षं झाली, अन् तो आला का? इथं तो येत नाही वं. इथं सगळे वळखतात त्याले. बसमधून पाय खाली टाकला का दहा जण हाका मारतात. तिकडं कोण कोणाले वळखते? तिकडं येईन तो. सासऱ्याले घेऊन आला तरी चालन. नातवाले आणन."

मग ती उठून चूल पेटवायला गेली.

आता मला सांग, मी हे तुला कळवायला हवं होतं की नाही. कळवलं नाही तर मी तिचं म्हणणं दडपलं असं होतं, आणि दडपून माझ्या नकाशाचा फायदा होतो. कळवलं तर तुला कोंडीत धरल्यासारखं होतं, आणि त्यातही माझ्या नकाशाचा फायदा होऊ शकतो. डायरीत दोन पानं यावर लिहिली. त्यातून काही निघालं नाही. म्हणून कळवते आहे.

येणारा-जाणारा सगळ्यांना दिसतो, हे अहवालातलं वाक्य मी परत वाचलं. ते बरोबर आहे. मी ते बदलणार नाही.

सुनावणी सोमवारी, पाच मार्चला आहे. तिला लिही. टोलीत तू येशील की नाही, एवढंच लिही. जे असेल ते लिही. ते नाही असलं तरी मी आहे तसं वाचीन.

ताई


नागपूर, ५ मार्च १९७९

प्रिय रवी,

आईच्या नावानं तू लिहिलेलं पत्र शनिवारी आलं. मी ते माझ्या खोलीत एकदा वाचलं आणि मग टोलीत घेऊन गेले.

'आई, तू प्लॉटच घे. तिकडे मला येणे सोयीचे होईल. बाबूजींनाही एकदा घेऊन येईन.'

आईला वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. वाचताना त्या ओळीपाशी मी थांबले. पुढची ओळ मुलाच्या शाळेबद्दल होती. ही गाळून ती वाचली असती तर कोणाला कळलं नसतं. तिला एवढंच कळलं असतं की तू आठवण काढली आहेस. आणि मला वाटतं, मग ती घर घेऊन टोलीतच राहिली असती, तिचे पाय पोचतात तिथपर्यंत. मी किती वेळ थांबले ते माहीत नाही. ती म्हणाली, "आग लागली का डोळ्याले?" मी नाही म्हणाले आणि ती ओळ वाचली.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. मी पुन्हा वाचली.

आज सुनावणी झाली. मी कोपऱ्यात दत्तोपंतांच्या मागे बसले होते. नाव पुकारल्यावर ती पदर सावरून पुढे आली.

"भीमाबाई देवाजी?"

"हो जी."

"घर की प्लॉट?"

"पलाट."

अधिकारी माणूस बोलका होता. "अहो बाई, तुमच्याच मुलीनं इतकी छान घरं काढली, आणि तुम्हीच नको म्हणता?"

"पोरगी हुशार हाये जी," आई म्हणाली. "पण पोरगा बाहेरगावी राहते."

त्यांना काही समजलं नाही. त्यांनी 'प्लॉट' लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

संध्याकाळपर्यंत निम्म्याहून बऱ्याच जास्त कुटुंबांनी घरं मागितली. चंपतरावांनीसुद्धा. ते अधिकाऱ्याला म्हणाले, "जमीन पाहिजे होती जी, पण गुडघे नाही म्हणतात." तेव्हा योजना होणार, गच्चीवरच्या सभागृहासकट. दत्तोपंतांनी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि म्हणाले की या कामाचा वरिष्ठांकडे उल्लेख करतील. बाहेर तुळसाबाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी मनापासून मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती मिळाली. मी चहा प्यायले. साखर जास्त होती, एवढं लक्षात आहे.

तुझ्यावर राग नाही. तू खोटं लिहिलं नाहीस. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलंस.

ताई


नागपूर, ३० नोव्हेंबर १९८०

प्रिय रवी,

मध्ये पुन्हा बरेच महिने गेले. या वेळी माफी मागत नाही, कारण तूही लिहिलं नाहीस.

दिवाळीनंतर आई प्लॉटवर राहायला गेली. विटांची एक खोली आहे, वर टिनाचं छत, पुढे अंगण म्हणता येईल एवढी जागा. अंगण तिनं पहिल्याच दिवशी सारवलं. आजूबाजूच्या प्लॉटांवर खुंट्या आणि तार आहे. वेगवेगळ्या वस्त्यांतून उठलेले लोक एकेक करून येत आहेत, पण अजून दोन घरांमध्ये हाक पोचत नाही. शहर बस जरीपटक्याच्या बाजारापर्यंत येते आणि वळते. पुढे कच्चा रस्ता, पायी. डेपोला मी पुन्हा अर्ज केला. उत्तर तेच आलं, आधी माणसं.

सुरुवातीला ती मिरची बाजारात जात होती. चालत बसपर्यंत, बसनं इतवारी, आणि येताना पुन्हा तसंच. पुढे एक दिवसाआड जायला लागली. आता जात नाही. मी विचारलं तर म्हणाली, "किती दिवस हात जाळू." ते खरंही असेल. दारात बसते. रस्त्याकडे तोंड करून बसते.

टोलीत पहिल्या इमारतीचा पाया भरला आहे. मी पाहणीला जाते तेव्हा चंपतराव विचारतात, "भीमाबाई कशी हाये वं? तिले करमते का तिकडं?" मी म्हणते, करमतं.

दर रविवारी ती विचारते की तुझं काही आलं का. तू लिहिलं होतंस की सोयीचं होईल. मी आठवण करून देत नाही, पण ती देते, म्हणून लिहिते.

यायचा रस्ता असा. स्टेशनवरून जरीपटक्याची बस घे आणि शेवटच्या थांब्यावर उतर. तिथं भैयाजीची चहाची टपरी आहे. प्लॉटांना अजून नंबर लागलेले नाहीत, तेव्हा त्याला विचार, गोदाम टोलीवाली भीमाबाई कुठे राहते. इथं अजून सगळ्यांची ओळख जुन्या वस्तीच्या नावानंच आहे. भैयाजी रस्ता दाखवील.

नकाशे काढणारी बाई 'विचारत ये' असं लिहिते आहे, हे मला दिसतं. पण यापेक्षा नेमकं काही सांगता येत नाही.

ताई


नागपूर, १८ जानेवारी १९८१

प्रिय रवी,

हे पत्र चुकीच्या माणसाला लिहीत असेन तर वाचून फाडून टाक.

आज आईकडे जायला बसमधून उतरले तर भैयाजीनं हाक मारली. तो मला बसची चौकशी करणारी बाई म्हणून ओळखतो. आईची मुलगी म्हणून ओळखत नव्हता, आज कोणाकडे जाते ते मी सांगितलं तेव्हा कळलं त्याला. म्हणाला, "अरे बाई, आप कायको यहाँ हर इतवार येता, मी सोचतच होतो. वो भीमाबाई तुमची माँ है? मग तिच्याचकडे असतील, एक साहेब आले होते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी."

"कसे होते?"

"चश्मा होता. स्वेटर होतं. हातात मिठाईचा डब्बा. संगं एक बुजुर्ग होते, ते ऑटोतच बसून राहिले. साहेब उतरून इथं आले अन् पुसलं, भीमाबाई कुठं राहते. मी म्हटलं, साहेब, इधर तीन भीमाबाई हैं. कोनसी? कोण्या बस्तीची?"

"मग?"

"मग चुप. मी पुन्हा पुसलं. टिमकीची का गोदाम टोलीची का तिकडची, बोला ना, पोऱ्या धाडून देतो संगं. तर मागं ऑटोकडे पाहून राहिले. म्हणाले, राहू द्या, घाई आहे. डब्बा इथंच ठेवला, कोणी भीमाबाई आली तर द्या म्हणाले. अब कोनसी को दूँ मैं? दोन दिवस ठेवला जी. मुंग्या लागल्या. मग इथल्या पोरायले वाटला. संत्रा बर्फी होती. चांगली होती."

मी त्याला चहा करायला सांगितला आणि बाकावर बसून प्यायले. तिथून आईचं घर दिसत नाही, पण फार लांबही नाही.

तो तू नसशीलही. चष्मा पुष्कळ लोक लावतात, आणि तीन भीमाबाई आहेत. बाकी दोघींच्या मुलांची मला माहिती नाही. आईला सांगावं की नाही, यावर चालता चालता विचार केला. न सांगण्याला कारण होतं, पण ते मला माझं वाटलं, तिचं नाही. म्हणून सांगितलं. भैयाजीनं सांगितलं तसंच, ऑटोसकट.

सगळं संपल्यावर म्हणाली, "बर्फी कायची होती?"

"संत्र्याची."

"मंग तोच. त्याले तेच आवडते, म्हणून तेच आणलं असन."

मी म्हणाले, आई, संत्रा बर्फी सगळेच आणतात.

ती दारात गेली. रस्त्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि मग दाराकडे पाहिलं. निळं टिनाचं दार आहे, त्यावर काही नाही.

"इथं नाव लिवून दे," ती म्हणाली.

"कोणाचं? रवीचं?"

"त्याचं कायले? तो का राहते इथं? माहं लिव."

"बरं. भीमाबाई."

"नुसतं भीमाबाई नको. तीन हायेत ना इथं. गोदाम टोलीवाली लिव. मोठं लिव. रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे."

मी म्हणाले, आई, तसं लिहिलं तर तो... आणि पुढचं बोलले नाही. ती माझ्याकडे पाहत होती. ते वाक्य कसं संपतं हे तिला माझ्याआधी माहीत होतं असं मला वाटलं.

"तो आला तं वाचन," ती म्हणाली. "ऑटोतला बी वाचन. वाचू दे. पुन्हा माहं घर सापडलं नाही, असं नाही झालं पाहिजे."

मग तिनं विचारलं, जेवून जाशील का. मी जेवले. तिनं भात, वरण आणि ठेचा केला होता. ठेचा भिवापुरी मिरचीचा होता, तुळसाबाईनं पाठवली होती म्हणे.

हे तुला का लिहिते आहे ते मला नीट सांगता येत नाही. बोलावण्यासाठी नाही. ये किंवा येऊ नकोस, यावर माझं काही म्हणणं नाही, आणि असलं तर ते मला अजून सापडलेलं नाही. दारावर काय लिहिलेलं असेल ते तुला आधी माहीत असावं, एवढंच. नंतर तू म्हणू नयेस की कोणी कळवलं नाही.

ताई

डायरीत उद्याच्या पानावर एवढंच लिहिलं आहे: दारासाठी पांढरा रंग, लहान डबा, आणि ब्रश आणणे.